तबेल्यात पाणी येते कुठून? माथेरानमधले एक प्रकरण

आठ घोड्यांचा तबेला, जुलैचा महिना, आत घोटाभर चिखल आणि मालकाचा एकच प्रश्न: "साहेब, आतून पक्की गटार काढून खाली सिमेंट टाकले तर किती खर्च येईल?" जमीन आणि पाणी यांच्या कामात असा प्रश्न मला पुष्कळदा ऐकू येतो. पाणी दिसते तिथेच त्याचा बंदोबस्त करावा असे माणसाला वाटते. या तबेल्यात शेवटी सिमेंटचे एक पोतेही लागले नाही. जे काम झाले त्यातले बहुतेक तबेल्याच्या बाहेर आणि वरच्या अंगाला झाले. ते तसे का झाले, कशाने साधले आणि काय राहून गेले, ते इथे सविस्तर लिहितो. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणात घोडे किंवा गुरे सांभाळणाऱ्या अनेकांचे दुखणे हेच आहे.

जागा

माथेरान समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर उंचीवर आहे. दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी मोटारींना बंदी असल्यामुळे इथे घोडा ही हौसेची वस्तू नाही. पर्यटक त्याच्या पाठीवरून येतात, सामानसुमानही येते. २००३ पासून हा सगळा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. त्यामुळे जेसीबी बोलावून दिवसभरात चर मारून घेणे हा पर्याय इथे नाही. उठसूट पक्के बांधकामही करता येत नाही. जे करायचे ते कुदळ, फावडे आणि घमेल्याने.

तबेला आतल्या एका कच्च्या रस्त्याच्या खालच्या अंगाला आहे. उतार कापून सपाट केलेली जागा, तिच्यावर १२ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद शेड, वर पत्र्याचे दुपाखी छप्पर. मागे, म्हणजे रस्त्याच्या बाजूला, कापलेली दरड आणि भिंत यांच्यात जेमतेम दीड मीटरची बोळ. पुढे घोडे उभे करायचे अंगण आणि त्याच्याही खाली शेजाऱ्यांचे घर. मालकाचे राहते घर तबेल्याच्या बाजूलाच, भिंतीला भिंत लागून.

माती जांभ्याची, लाल. जांभा सच्छिद्र असतो, पाणी सहज पितो, म्हणून इथे पाणी साचायला नको असे कोणीही म्हणेल. पण साचत होते. अंगणात एके ठिकाणी कुदळ मारून पाहिली तेव्हा कारण दिसले. वर वीतभर जाडीचा काळा, चिकट थर होता: लीद, मूत्र, सांडलेली वैरण आणि बारीक माती वर्षानुवर्षे टापांखाली मळून तयार झालेला. त्याच्याखालची लाल माती ऐन पावसाळ्यात नुसती ओलसर होती, मुठीत दाबून सोडली की सुटी होत होती. म्हणजे जमीन पाणी प्यायला तयार होती, वरच्या लिंपणाने तिचे तोंड बंद केले होते. घोड्याचे सगळे वजन चार छोट्या खुरांवर येते, आणि नाल मारलेला खूर ओल्या मातीत धुमसासारखा काम करतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची निघाली. दर उन्हाळ्यात मालक अंगणात आणि बोळीत लाल मुरूम टाकत आले होते. चिखल बुजावा हा हेतू. मुरूम चिखलात मिसळून गेला, पण दर वर्षी बाहेरची जमीन थोडी थोडी वर आली. जोते मूळचे वीतभर उंच होते, ते आता पूर्ण गाडले गेले होते. तबेल्याची जमीन बाहेरच्यापेक्षा खाली गेली होती. आता बाहेरचे पाणी आत येणारच.

घोड्यांचे काय होत होते

नालबंदाने एका घोडीचा मागचा पाय उचलून दाखवला. खुराच्या तळाशी जो त्रिकोणी मऊ भाग असतो त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचा आकडीने साफ करताच काळा, कुजका, नाकात जाणाऱ्या वासाचा मळ बाहेर आला. खूर इतका मऊ पडला होता की खिळे धरत नव्हते. "नाल मारावी तर दहा दिवसांत ढिली," तो म्हणाला. दोन घोड्यांच्या टाचेच्या वर, मागच्या अंगाला, खपल्या धरलेल्या होत्या. जनावरांच्या डॉक्टरांनी औषध दिले होते आणि त्याचा गुणही येत होता. पण औषध लावून घोडा परत त्याच चिखलात उभा राहिला की आठवड्यात पुन्हा तेच. खुरात ही सड करणारे जंतू हवा न लागणाऱ्या, ओल्या, घाणीने भरलेल्या जागी वाढतात. पाय कोरडा राहिल्याशिवाय नुसत्या औषधाने ते हटत नाहीत.

माणसांच्या दृष्टीनेही हे साधे नव्हते. कोकणपट्टीत पावसाळ्यात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या जंतुतापाची) भीती असते, आणि जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यात अनवाणी उभे राहणे हे त्याचे सरळ कारण. मालकाचा मुलगा रोज पहाटे त्याच पाण्यात उभा राहून खरारा करत होता. माझ्या लेखी हे काम निकडीचे ठरले ते यामुळे.

हिशोब

मालकाचे म्हणणे होते, "घोडा मुततो तिथेच चिखल होतो, मग गटार आतच पाहिजे ना?" म्हणून आधी त्यांच्याबरोबर बसून पाण्याचा हिशोब मांडला.

मध्यम बांध्याचा घोडा दिवसाला साधारण आठ-दहा लिटर मूत्र टाकतो. माथेरानचे घोडे लहान चणीचे, तरी वरचाच आकडा धरू. आठ घोड्यांचे झाले ८० लिटर. त्यात सांडलेले आणि धुण्याचे पाणी मिळवले तरी दोन-तीनशे लिटरच्या पुढे जात नाही.

आता छप्पर. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ७२ चौरस मीटरच्या पत्र्यावर दिवसात १०० मिलिमीटर पडला तर ७,२०० लिटर. हवामान खाते २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढच्या पावसाला 'जोरदार' म्हणते. माथेरानला तसे दिवस एका पावसाळ्यात अनेक येतात. या ७,२०० पैकी निम्मे, ३,६०० लिटर, मागच्या दीड मीटरच्या बोळीत पडत होते आणि तिथून त्याला जायला वाट नव्हती.

आणि वरचा उतार. तबेल्याच्या मागे रस्त्यापर्यंत आणि रस्त्याचा जो तुकडा याच बाजूला उतरतो तो धरून सहा गुंठे, म्हणजे अंदाजे ६०० चौरस मीटर. जमीन भिजून चिंब झाल्यावर पडलेल्या पावसातला निम्म्याहून अधिक वाहून येतो. दिवसाच्या १०० मिलिमीटरचे निम्मेच धरले तरी ३०,००० लिटर. तासाला ६० मिलिमीटरची सर कोसळली आणि त्यातला सत्तर टक्के वाहिला, तर दर सेकंदाला सात लिटर पाणी तबेल्याच्या पाठीवर आदळते.

८० लिटरसाठी गटार बांधायची आणि ३०,००० लिटरला दार उघडे ठेवायचे, असा तो बेत होता. आतली गटार पक्की झाली असती तर बाहेरच्या पाण्याला आत यायला आणखी सोपी वाट मिळाली असती, एवढेच.

आकडे कागदावर पटतात, पण डोळ्यांनी पाहिलेले जास्त पटते. मालकाच्या घरच्या वहिनींना हे आधीच ठाऊक होते. त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा माझी चुलीमागची भिंत ओली होते, मग यांच्या तबेल्यात पाणी दिसते." इतकी नेमकी माहिती घरात होती आणि ती कोणी विचारली नव्हती. पुढच्या सरीत आम्ही छत्र्या घेऊन वर रस्त्यावर गेलो आणि वाहत्या पाण्यात मूठ मूठ भाताचे तूस टाकले. तूस रस्त्याच्या कडेने आले आणि घोडे उतरायच्या पायवाटेच्या तोंडाशी वळले. दरडीवरून बोळीत उतरले. थोड्या वेळाने तेच तूस मागच्या भिंतीच्या बुडातून आत, तिसऱ्या घोड्याच्या पायाशी फिरताना दिसले. त्यानंतर सिमेंटचा विषय निघाला नाही.

वरून खाली

कामाचा क्रम पाण्याच्या वाटेप्रमाणे लावला: आधी रस्ता, मग उतार, मग पागोळ्या, मग उकिरडा आणि अंगण, आणि तबेल्याचा आतला भाग सर्वांत शेवटी. दिवाळीनंतर जमीन वाळल्यावर सुरुवात केली. दोन बिगारी आणि घरची माणसे. पैसे हातात येतील तसे काम पुढे सरकले, म्हणून क्रम चुकवायचा नाही हे आधीच ठरवून घेतले होते. पैसे मध्येच संपले तरी तोवर झालेले काम निरुपयोगी होऊ नये.

पायवाटेच्या तोंडाशी आडवा उंचवटा केला. दगड रचून वर मुरूम ठोकलेला, वीतभर उंच, दीड मीटर रुंद, दोन्हीकडे सौम्य उताराचा, म्हणजे घोड्याला अडखळायला होत नाही. रस्त्याचे पाणी आता इथे न वळता कडेने पुढच्या मोरीकडे जाते. सगळ्या कामात हे सर्वांत स्वस्त होते आणि सर्वांत जास्त पाणी यानेच अडवले.

दरडीच्या वर, काठापासून अंतर सोडून, आडवी चारी खणली. तळ एक फूट, बाजू तिरप्या, खोली एक फूट. उतार शंभराला एक, म्हणजे दहा मीटरला दहा सेंटिमीटर. तो गवंड्याच्या पाण्याच्या नळीने दर दोन-तीन मीटरवर तपासून घेतला. इथे घाई करू नये. लाल मातीत चारीला उतार जास्त झाला की पाणी तळ खरवडते आणि दोन पावसाळ्यांत चारीची घळ होते. माथेरानच्या रस्त्यांकडेला झाडांची उघडी पडलेली मुळे पाहिली की या मातीला वाहते पाणी किती लागते ते कळते. उतार कमी झाला तर गाळ बसून चारी भरते. शंभराला एक धरला तर या आकाराच्या चारीत अर्ध्या खोलीपर्यंत पाणी आले तरी सेकंदाला वीस-पंचवीस लिटर निघून जातात. गरज सात लिटरची होती, पण गाळ, पाला आणि ढगफुटीसारखी सर यांच्यासाठी एवढी मोकळीक लागतेच. निघालेली माती खालच्या अंगाला बांधासारखी टाकून दाबली आणि तिच्यावर गवताचे थर कापून बसवले.

चारीचे तोंड कुठे काढायचे यावर मात्र दोन संध्याकाळी गेल्या. सोपी वाट सरळ खाली, शेजाऱ्यांच्या परसात जात होती. शेजारच्या काकू अंगणात येऊन उभ्या राहिल्या आणि स्पष्ट म्हणाल्या, "तुमचे पाणी तुमच्या घोड्यांना नको, मग आमच्या परसात कशाला?" त्यांचे शंभर टक्के बरोबर होते. पाणी वळवणे म्हणजे ते कुणाच्या तरी दिशेने पाठवणे असते. वस्तीतली अर्धी भांडणे याच कारणाने होतात. शेवटी चारी लांबवून उत्तरेच्या जुन्या ओघळीत सोडली. ओघळीत पडते तिथे मोठे दगड दाटून बसवले, म्हणजे पाणी एकदम कोसळून खड्डा करणार नाही. वाट लांबली, खणणे वाढले, पण शेजार राहिला.

मागच्या बोळीत पन्हळ लावायचा विचार पहिल्याच दिवशी सोडून दिला. माथेरानची माकडे पन्हळीवर लोंबकळतात, आणि जांभळाच्या पाल्याने ती पहिल्या आठवड्यात तुंबते. म्हणून पाणी पडते तिथेच झेलायचे ठरवले. त्याची जागा शोधावी लागत नाही. पागोळ्यांनी जमिनीवर भोकाभोकांची सरळ रेघ आखून ठेवलेली असते. ती रेघ मध्यावर धरून दीड फूट रुंद चर खणला, तळाला उतार दिला, जिओटेक्स्टाइलचे (पाणी जाऊ देणारे, पण माती अडवणारे) कापड अंथरले, त्यात भोके पाडलेला चार इंची पाइप ठेवला, वर मोठी खडी भरली आणि कापड वरून दुमडून पुन्हा खडी टाकली. कापड नसेल तर बारीक माती खडीत शिरून दोन-तीन वर्षांत चर आंधळा होतो. जुनी पोती वापरू नयेत, ती कुजतात. पाइपचे तोंड चारीच्या शेवटाला जोडले. म्हणजे रस्त्याचे, उताराचे आणि छपराचे पाणी लिदीला न शिवता ओघळीत जाते. तबेल्याच्या बाबतीत मी एवढ्या एका गोष्टीवर अडून बसतो: स्वच्छ पाणी आणि घाण पाणी एकत्र होता कामा नये. एकदा मिसळले की सगळेच घाण होते, आणि मग ३०,००० लिटर घाण पाण्याची विल्हेवाट कुणालाच लावता येत नाही. आणि वरची घाण खालपर्यंत जाते: माथेरानच्या पूर्वेचे ओढे खाली नेरळच्या बाजूने उल्हास नदीला मिळतात.

उकिरडा रस्त्यालगत, तबेल्याच्या वरच्या अंगाला होता. उचलून न्यायला सोपा, म्हणून. पाऊस त्यातून झिरपून काळे पाणी थेट बोळीत येत होते. तो अंगणाच्या खालच्या कोपऱ्यात, दगडी ओट्यावर हलवला आणि वर ताडपत्री घातली. लीद आता चढ चढून वर न्यावी लागते आणि मुलगा त्याबद्दल अजून कुरकुरतो. त्याचे कष्ट वाढले आहेत हे खरेच आहे. ओट्याच्या खाली पालापाचोळा भरलेला छोटा खड्डा ठेवला आहे. त्यातला पाला मुरला की झाडांना घालतात.

अंगणातला तो काळा थर पूर्ण खरवडून काढला. यावर मालक नाराज होते. इतक्या वर्षांचा मुरूम फुकट गेला असे त्यांना वाटले. पण त्या थरावर काहीही टाकले असते तर तेही चिखलातच गेले असते. निघालेली माती खतासारखी होती, ती शेजाऱ्यांनीच कुंड्यांना आणि झाडांना नेली. उघड्या झालेल्या लाल मातीवर कापड, त्यावर पडलेल्या जुन्या गडग्याचे जांभ्याचे तुकडे आणि खडी, सर्वांत वर चार बोटे बारीक खडीचा थर. खडी दस्तुरीहून आली ती याच घोड्यांच्या पाठीवरून, आणि वाहतूक मालापेक्षा महाग पडली. सगळे अंगण करणे त्यामुळे परवडण्यासारखे नव्हते. घोडे जिथे तासन्‌तास बांधलेले असतात ती पट्टीच फक्त केली.

तबेल्याच्या आत काम थोडे होते. जमीन मुरूम घालून, धुमसाने ठोकून वीतभर उचलली आणि पुढच्या अंगाला मीटरला दोन सेंटिमीटर उतार दिला. यापेक्षा जास्त उतार घोड्याला रात्रभर उभे राहायला त्रासाचा. कडेला उथळ पन्हळी काढली. ८० लिटरला ती पुरते.

पुढचा पावसाळा

पहिल्या मोठ्या सरीत बोळीत पाणी उभे राहिले नाही आणि चुलीमागची भिंत कोरडी राहिली. पाइपच्या तोंडातून स्वच्छ धार पडताना शेजारच्या काकूही येऊन पाहून गेल्या. ऑगस्टमध्ये नालबंद आला तेव्हा खिळे धरत होते. खुरांचा वास गेला होता. त्या एका घोडीच्या खुराला मात्र औषध चालूच ठेवावे लागले, कारण आत गेलेली खाच नवीन खूर वाढून खाली येईपर्यंत भरत नाही. टाचेवरच्या खपल्या नव्याने दिसल्या नाहीत. तबेल्यातली डोळ्यांना झोंबणारी वाफ कमी झाली.

सगळे सुटले असे मात्र नाही. रस्त्याची लाल माती चारीत उतरते आणि वळणावर गाळ धरते. तिथे हात-दीड हाताचा गाळखड्डा करावा लागला, आणि प्रत्येक मोठ्या झडीनंतर तो उपसावा लागतो. तो एकदा राहिला तेव्हा पाणी बांधावरून उसळले होते. फाटकाजवळ खडी कमी पडली होती, तिथे पावसाळाभर चिखल राहिला. ती जागा गणपतीनंतर पूर्ण केली. पश्चिमेकडून येणारे झडीचे पाणी अजून आत येते. ताडपत्री लावली होती, ती वाऱ्याने फाटली. बाजूला बांबूच्या तट्ट्याचा आडोसा करायचे चालले आहे.

रस्त्याचा प्रश्न एका घोडेवाल्याच्या हातातला नाही. पुढची मोरी पाल्याने भरली की आडवा उंचवटा कितीही चांगला असला तरी पाणी मागे फुगते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉकना मुभा दिली, आतल्या रस्त्यांवर दिली नाही. म्हणजे हा रस्ता मातीचाच राहणार, आणि मला ते योग्य वाटते. पण मातीच्या रस्त्याला कडेची चारी आणि मोकळी मोरी हवीच. मे महिन्यात वस्तीतले चौघे मिळून मोरी साफ करतात. ते काम नगरपरिषदेच्या पावसाळापूर्व यादीत यावे म्हणून त्यांनी अर्ज दिला आहे.

हे पाहून पलीकडच्या वस्तीतल्या आणखी एका घोडेवाल्याने तसाच चर मारून द्या म्हणून बोलावले. त्याचा तबेला सपाटीवर आहे, चोहोबाजूंनी बाहेरची जमीन उंच, पाणी सोडायला खालची बाजूच नाही. तिथे चारी खणली तर तिचे तळे होईल. त्याला आधी जोते दोन फूट उचलावे लागेल आणि छपराचे पाणी टाक्यांत धरावे लागेल. माप घेऊन झाले आहे. काम या दिवाळीनंतर.